सायटिका, सहा आठवडे आणि महिन्याची वर्गणी

कंबर दुखणं वेगळं आणि सायटिका वेगळा. कुल्ल्यापासून निघून मांडीच्या मागून पोटरीत, कधी थेट पायाच्या बोटांपर्यंत उतरणारी कळ असली की सायटिकाचा संशय घ्यावा. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर देताना ती वाढते. गाडीत अर्धा तास बसलं की पाय जड होतो, मुंग्या येतात. कित्येकांची कंबर फारशी दुखतही नाही, सगळा त्रास पायात. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस पोटरीला बाम चोळण्यात जातात आणि घरातलं कुणीतरी ‘मणक्यात गॅप आला असेल’ असं सांगून आणखी घाबरवतं.

या लेखात दोन गोष्टी आहेत. सायटिका नेमका कसा होतो आणि कसा बरा होतो, ही पहिली. दुसरी अमेरिकेतली: तिथे गेल्या वीसेक वर्षांत ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’, थोडक्यात डीपीसी, नावाची एक पद्धत रुजली आहे. तीत विम्याला बाजूला ठेवून डॉक्टरला दरमहा ठरावीक वर्गणी द्यायची असते. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसांच्या कानावर हे नाव आलेलं असतं, पण ‘विमा असताना वर आणखी पैसे कशाला?’ या प्रश्नावर विषय संपतो. प्रश्न रास्त आहे. सायटिका हाताशी धरला की त्याचं उत्तर जरा नीट कळतं. हा आजार सावकाश बरा होणारा आहे, आणि सावकाश बरं होण्यावर लक्ष ठेवण्याचे पैसे विमा फारसे देत नाही.

नस, गादी आणि पायाची बोटं

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेचे शेवटचे मणके आणि त्याखालचं त्रिकास्थी यांतून बाहेर पडणारी पाच मुळं एकत्र येऊन ती बनते. डॉक्टरांच्या भाषेत एल-४, एल-५, एस-१, एस-२ आणि एस-३. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, म्हणजे डिस्क. तिचं बाहेरचं कडं चिवट, आतला गर मऊ. कड्याला चीर पडली आणि गर मागच्या बाजूला सरकला की तो शेजारून जाणाऱ्या मुळाला लागतो. बहुतेक वेळा हे कंबरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांपाशी घडतं, कारण शरीराचा भार आणि वाकण्याचा ताण तिथेच जास्त येतो. गादी फाटल्याने पायात कळ येऊ शकते, हे मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली मांडलं. तोपर्यंत सायटिकाचं खापर कशाकशावर फोडलं जायचं.

नुसता दाब हे पूर्ण कारण नाही. गरातली रसायनं नसेच्या मुळाला लागून तिथे सूज येते, आणि सुजलेल्या मुळाला थोडासा दाबही सोसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. सूज ओसरली की गादी होती तिथेच असूनही दुखणं जाऊ शकतं.

साठीनंतर चित्र बदलतं. नसा जिथून जातात तो मणक्यांमधला मार्ग अरुंद होतो. मग उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. मंडईत ढकलगाडीवर टेकून मजेत हिंडणारे आजोबा मोकळ्या रस्त्यावर दोनशे पावलांत थांबतात, ते यामुळे. काहींचा मणकाच पुढे सरकलेला असतो, आणि थोड्यांच्या बाबतीत कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू नसेला चिमटतो.

कुठलं मूळ अडकलंय हे यंत्राशिवाय बरंचसं कळतं. टाचांवर चालायला लावलं आणि एक पाऊल वर उचलत नसेल, अंगठा वर खेचताना ताकद कमी पडत असेल, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असेल, तर बोट एल-५ कडे जातं. चवड्यांवर उभं राहता येत नसेल, पावलाची बाहेरची कड बधिर असेल, घोट्याच्या मागे हातोडी मारल्यावर पाऊल हलत नसेल, तर एस-१. उताणं झोपवून पाय सरळ उचलला आणि ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायातली नेहमीची कळ उठली, तर नस ताणली जातेय असं समजतात. दुखरा नसलेला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर गादीचा संशय बराच पक्का होतो. एवढं सगळं करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, शिवाय रुग्णाने पँट वर करून मोजे काढायला हवेत. घाईच्या दवाखान्यात नेमकं तेवढंच होत नाही.

काळ काय करतो

नव्याने झालेला सायटिका बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. का होतो, याचं एक कारण फार थोड्यांना ठाऊक असतं: बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र पाहिले होते. गादीचा तुकडा पार सुटा होऊन पडला असेल तर ९६ टक्के रुग्णांत तो आक्रसला, नुसती फुगलेली गादी मात्र १३ टक्के रुग्णांतच मागे गेली. म्हणजे एमआरआयच्या रिपोर्टात जे शब्द जास्त भयंकर वाटतात, तेच आपोआप बरे होण्याच्या बाजूने असतात.

एमआरआयबद्दल आणखी एक. १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय करून पाहिला, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांची निदान एक गादी फुगलेली निघाली. रिपोर्टात दिसलं म्हणून तेच दुखण्याचं कारण, असं धरून चालता येत नाही. त्यामुळे धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय करू नये, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटना सांगतात. पुण्या-नाशिकला ‘आधी एमआरआय काढून या, मग बघू’ हे सर्रास ऐकू येतं. अमेरिकेत विमा कंपनीच बऱ्याचदा लवकर मंजुरी देत नाही. कारणं वेगळी, पण या एका बाबतीत कंपनीचा अडसर रुग्णाच्या फायद्याचा ठरतो, हे मान्य करायला हवं.

यात अपवाद आहेत, आणि ते पाठ असावेत. लघवी अडणं किंवा कळत नकळत होणं, शौचावर ताबा न राहणं, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा कमजोरी येणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच तासाला इमर्जन्सी रूम. डॉक्टरला मेसेज करून उत्तराची वाट पाहायची नाही, विम्यात काय बसतं याचा हिशोब करायचा नाही. मणक्याच्या शेवटी असलेला नसांचा जुडगा दाबला गेला असेल तर शस्त्रक्रिया काही तासांत लागते. उशीर झाला तर लघवीचा त्रास जन्माचा राहू शकतो. पाऊल लोंबू लागलं, पायरीला बोटं अडखळू लागली, कमजोरी रोज वाढतेय असं वाटलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टर हवा. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-झडल्याचा इतिहास असेल तरी सहा आठवड्यांचा नियम बाजूला ठेवायचा. भारतातून आलेल्या माणसाला रात्री घाम येतोय, बारीक ताप आहे आणि पाठ दुखतेय, तर मणक्याचा टीबीही डोक्यात असू द्यावा. अमेरिकन डॉक्टरच्या तो चटकन लक्षात येईलच असं नाही. आपण सांगितलेलं बरं.

आणखी एक फसवी गोष्ट. दुखणं अचानक थांबलं पण पायातली ताकद कमी झाली, तर ते बरं होणं नव्हे.

औषधं थोडी, लक्ष जास्त

सायटिकावर हमखास गुण देणारी गोळी नाही. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो, पण पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब सांभाळून घ्याव्या लागतात. प्रीगॅबालिन नसेच्या दुखण्यावर सर्रास लिहून देतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना ते दिलं, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडची कथा जवळपास तशीच. २०१५ मधल्या अमेरिकन चाचणीत १५ दिवसांच्या प्रेडनिसोनने हालचाल थोडी सुधारली, दुखणं नाही. तरी अर्जंट केअरमध्ये, म्हणजे आधी वेळ न ठरवता जाता येतं अशा दवाखान्यात, गेलात तर स्टेरॉइडचं सहा दिवसांचं पाकीट आणि स्नायू सैल करणारी गोळी घेऊन बाहेर पडण्याची शक्यता दांडगी. शिवाय मधुमेही माणसाची साखर त्या पाकिटाने चांगलीच चढते.

झोपून राहण्याचा उपयोग नाही. नेदरलँड्समध्ये १९९९ साली १८३ रुग्णांवर हे तपासलं: दोन आठवडे अंथरुणाला खिळून राहिलेले आणि रोजचे व्यवहार जमतील तसे चालू ठेवलेले, दोघांत फरक पडला नाही. तेव्हा चालावं, वारंवार उठावं, दुखणं फार भडकणार नाही इतपत फिरावं. फिजिओथेरपी लवकर सुरू केली तर काही महिन्यांनी रोजच्या हालचाली थोड्या जास्त सोप्या होतात.

इथे एक बारकावा आहे. व्यायाम करताना पोटरीतली कळ मांडीत, मग कुल्ल्यात, मग कंबरेत चढत आली तर ते चांगलं लक्षण मानतात, मग कंबर आधीपेक्षा जास्त का दुखेना. उलट कळ खाली खाली सरकत गेली तर तो व्यायाम बंद. रुग्णाला हे कुणी सांगितलेलं नसतं. कंबर जास्त दुखू लागली म्हणून तो घाबरून चांगला चाललेला व्यायाम सोडतो, किंवा नेटाने चुकीचाच करत राहतो. चौथ्या दिवशी कुणाला तरी दोन ओळी लिहून विचारता आलं असतं तर?

सायटिकाचा सांभाळ हा असा आहे. नीट तपासणी एकदा, मग छोट्या छोट्या प्रश्नांची वेळेवर उत्तरं, दोन आठवड्यांनी पुन्हा टाचांवर चालवून पाहणं आणि घोडं अडलंय असं दिसलं की वेळेत पुढच्या डॉक्टरकडे पाठवणं. यात महागडं काही नाही. त्यामुळेच अमेरिकेत ते मिळायला कठीण जातं.

वर्गणीचा डॉक्टर

अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रायमरी केअर डॉक्टरकडे, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरकडे, दोन हजारांच्या आसपास रुग्ण असतात. विमा त्याला मुख्यतः भेटीमागे पैसे देतो. भेट साधारण पंधरा-वीस मिनिटांची, तीत टायपिंगही आलं. पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची. फोनवर दिलेल्या सल्ल्याचे, मेसेजच्या उत्तराचे पैसे एक तर मिळत नाहीत, किंवा हल्ली काही हॉस्पिटलं त्याचं वेगळं बिल लावतात. दोष त्या डॉक्टरचा नाही, गणितच तसं आहे.

डीपीसीत गणित उलटं. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाने महिन्याची मेस लावावी तसं हे: पैसे महिन्याचे, जेवायला दिवसातून एकदा जा की दोनदा, पण बाहेर थाळी खाल्ली तर तिचे पैसे वेगळे. प्रौढ माणसाची वर्गणी बहुतेक ठिकाणी महिन्याला ५० ते १०० डॉलर, काही ठिकाणी दीडशेपर्यंत. त्यात हव्या तितक्या भेटी, फोन, मेसेज, व्हिडिओ कॉल, छोट्या तपासण्या. एका डॉक्टरकडे सहाशेच्या आसपास सभासद, त्यामुळे भेट अर्ध्या तासाची, गरज पडली तर तासाची. विम्याला बिल जात नाही.

सुरुवातीचं गाजलेलं नाव म्हणजे सिअ‍ॅटलमधली क्लिअन्स. ती २००७ साली उघडली आणि २०१७ साली बंद पडली. पद्धत मात्र टिकली. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात २०१० साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस एमडीने वयानुसार वर्गणी, औषधं घाऊक भावात, रक्ततपासण्या ठरवून घेतलेल्या स्वस्त दरात, असा नमुना घालून दिला आणि देशभरच्या छोट्या दवाखान्यांनी तो उचलला. डीपीसी म्हणजे विमा नव्हे, असं स्पष्ट करणारे कायदे तीसहून जास्त राज्यांनी केले आहेत. याचा अर्थ दुहेरी: विमा खात्याची बंधनं त्याला नाहीत, आणि विम्याचं संरक्षणही नाही.

वर्गणी घेणारा प्रत्येक दवाखाना डीपीसी नसतो. कॉन्सिअर्ज डॉक्टर जास्त फी घेतात आणि त्यांच्यापैकी बरेच जण वर विम्यालाही बिल लावतात. अ‍ॅमेझॉनने २०२३ साली घेतलेली वन मेडिकल वर्षाची फी घेते आणि भेटीचं बिल विम्याकडे पाठवते. म्हणून पहिला प्रश्न हाच: ‘तुम्ही विम्याला बिल करता का?’ करत असतील तर ते डीपीसी नाही, मग दारावरची पाटी काहीही म्हणो.

आता डॅलसच्या उपनगरात राहणारा, चाळिशीतला, दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणारा एक माणूस कल्पा. सोमवारी सकाळी बूट घालायला वाकला आणि कळ उठली. तो डीपीसीचा सभासद असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाची तपासणी होते. ताकद ठीक, रिफ्लेक्स ठीक, पाय उचलल्यावर कळ. एमआरआय आत्ता नको हे डॉक्टर कारणासह समजावून सांगतो, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे असतो. या मुद्द्याला मी फार महत्त्व देतो. नको असलेला एमआरआय लिहून द्यायला एक मिनिट लागतं, तो का नको हे पटवून द्यायला पंधरा.

गुरुवारी मेसेज जातो: कंबर जास्त दुखतेय, पोटरी कमी. उत्तर येतं: चालू ठेवा. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांची भेट, पुन्हा टाचा, पुन्हा चवडे. अंगठ्याची ताकद आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते, आणि नोंद करणारा हात तोच असतो. एखाद्याच्या पायाची ताकद पाचपैकी चार आहे की पाच, हे बऱ्याच अंशी तपासणाऱ्याच्या अंदाजावर असतं. दर वेळी वेगळा माणूस तपासत असेल तर कमजोरी वाढली की तपासणारा बदलला, ते कळत नाही. चौथ्या आठवड्यात बसणं सुधारलं तर तसंच पुढे. सहाव्या आठवड्यातही रात्रीची झोप उडालेली असेल तर एमआरआय, आणि तो हातात आल्यावर मणक्याचा तज्ज्ञ.

सभासदत्वाचं काम इथे संपतं. एमआरआय, मणक्यात द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन, शस्त्रक्रिया, इमर्जन्सी, फिजिओथेरपी: वर्गणीत यातलं काही नसतं. काही दवाखान्यांत फिजिओ असतो, काही डॉक्टर स्वतः हाडा-स्नायूंची थोडी मॅनिप्युलेशन करतात, पण त्यावर विसंबू नये. औषधं दवाखान्यातूनच घाऊक भावात मिळतात ही जाहिरातही सगळीकडे लागू नाही. टेक्सस, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांत डॉक्टरने औषध विकण्यावर कडक निर्बंध आहेत. सायटिकापुरतं बोलायचं तर त्याने फारसं बिघडत नाही, नॅप्रोक्सेन कॉस्टकोतही स्वस्तच मिळतं.

हिशोब

समजा वर्गणी महिन्याला ८० डॉलर. वर्षाचे ९६०. हे पैसे तुमच्या विम्याच्या डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात तुम्ही खिशातून भरायच्या रकमेत, मोजले जात नाहीत. म्हणून डीपीसी बहुधा जास्त डिडक्टिबल आणि कमी हप्ता असलेल्या विम्यासोबत घेतात. नोकरीतून उत्तम विमा मिळत असेल, डॉक्टरची भेट वीस-तीस डॉलरमध्ये होत असेल आणि तुमचा डॉक्टर आठवड्याभरात वेळ देत असेल, तर ९६० डॉलर कशाचे देताय हे स्वतःला विचारा. सायटिका एकट्याने ते वसूल करून देत नाही.

पूर्वी आणखी एक काटा होता. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, दृष्टीने डीपीसी हे जणू दुसरं आरोग्यकवच होतं. त्यामुळे सभासद झालात तर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये (एचएसए, म्हणजे औषधोपचारासाठीचं करमुक्त बचत खातं) पैसे टाकण्याचा हक्क धोक्यात यायचा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने हे बदललं. १ जानेवारी २०२६ पासून एका माणसासाठी महिन्याला १५० आणि कुटुंबासाठी ३०० डॉलरपर्यंतची वर्गणी असेल तर एचएसएला बाधा येत नाही, आणि ती वर्गणी एचएसएमधून भरताही येते. करमुक्त पैशातून भरल्यामुळे ती तेवढी स्वस्त पडते. वर्गणी या मर्यादेच्या वर असेल किंवा तीत प्राथमिक उपचारांपलीकडच्या सेवा घातलेल्या असतील, तर सवलत मिळत नाही. तेव्हा सही करण्याआधी करारातल्या सेवांची यादी वाचा.

एमआरआयचा हिशोब जरा गमतीचा आहे. स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये रोखीने तो काहीशे डॉलरमध्ये होतो, हॉस्पिटलमध्ये विम्याच्या वाटेने त्याच तपासणीचं बिल हजारांत जाऊ शकतं आणि डिडक्टिबल संपला नसेल तर ते तुम्हीच भरता. डीपीसी डॉक्टरांना आसपासचे रोखीचे दर माहीत असतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण पाय कमजोर होत चाललाय, शस्त्रक्रिया दिसतेच आहे, अशा वेळी स्वस्त रोखीचा एमआरआय महागात पडू शकतो, कारण ते पैसे डिडक्टिबलला लागत नाहीत आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. शस्त्रक्रिया त्याच वर्षात होणार असेल तर एमआरआयही विम्यातूनच करावा. वर्ष संपायला आलं असेल तर हा विचार दुप्पट बारकाईने करावा, जानेवारीत सगळे आकडे शून्यावर येतात.

आणखी एक अडचण एचएमओ प्रकारच्या विम्याची. तिथे तज्ज्ञाकडे जायला विम्याच्या यादीतल्याच प्रायमरी डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि डीपीसी डॉक्टर त्या यादीत नसतो. म्हणजे सहाव्या आठवड्यात चिठ्ठीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे रांग. पीपीओ प्रकारच्या विम्यात अशी चिठ्ठी सहसा लागत नाही, त्यामुळे तिथे अडत नाही. एचएमओवाल्यांनी यादीतला एक डॉक्टर नावापुरता तरी निवडून ठेवावा आणि वर्षातून एकदा त्याला भेटावं.

आई-बाबा आलेत आणि बाबांचा पाय

मराठी घरांत डीपीसीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांसाठी आपण व्हिजिटर इन्शुरन्स घेतो. त्यात आधीपासून असलेले आजार साधारणपणे बसत नाहीत, फार तर आजार अचानक बळावला तरच थोडं काही. सत्तरीतल्या बाबांना नागपूरहून शिकागोपर्यंतच्या प्रवासानंतर सायटिका भडकला आणि भारतातल्या जुन्या फाइलीत ‘एल-४-५ डिस्क बल्ज’ असं लिहिलेलं असेल, तर दावा नाकारायला एवढं पुरतं. अशा वेळी अर्जंट केअरच्या तीन फेऱ्यांपेक्षा तीन-चार महिन्यांची वर्गणी स्वस्त पडू शकते, आणि बाबांची रक्तदाबाची गोळी, साखर, मूत्रपिंडाची स्थिती लक्षात घेऊन दुखण्याची गोळी ठरवायला अर्ध्या तासाची भेट मिळते. त्या वयात हे ठरवणं सायटिकाइतकंच महत्त्वाचं. बॅगेत भारतातून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या असतातच, त्याही डॉक्टरला दाखवा.

सगळे दवाखाने पाहुण्या आई-वडिलांना घेत नाहीत. काहींचा किमान कालावधी असतो, काही नोंदणी फी लावतात. आधी फोन करून विचारावं, शक्यतो बाबा विमानात बसण्यापूर्वी. आणि इमर्जन्सीसाठी व्हिजिटर इन्शुरन्स तरीही हवाच.

ग्रीन कार्डवर किंवा नागरिक होऊन मेडिकेअरवर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी विम्यावर, असलेल्या ज्येष्ठांचं प्रकरण वेगळं. मेडिकेअर ज्या सेवांचे पैसे देतं त्यांची वर्गणी मेडिकेअरच्या रुग्णाकडून घ्यायची असेल, तर डॉक्टरने मेडिकेअरमधून रीतसर बाहेर पडलेलं असावं लागतं. दोघांत तसा लेखी करारही होतो. तो डॉक्टर लिहून देईल त्या एमआरआयचे, तज्ज्ञाचे पैसे मेडिकेअर देऊ शकतं. वर्गणी मात्र खिशातून.

ऑपरेशनचं काय

नेदरलँड्समध्येच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण घेतले. अर्ध्यांची लवकर शस्त्रक्रिया ठरली, अर्ध्यांना थांबायला सांगितलं. शस्त्रक्रियेच्या गटाला बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांनी त्या वर्षात शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली, हेही विसरू नये.

म्हणजे पायाची ताकद शाबूत असेल तर शस्त्रक्रिया हा लवकर सुटकेचा पर्याय आहे, आणि तो घ्यायचा की नाही हे तुमची झोप, नोकरी, घरात लहान मूल आहे का, दुखणं किती सोसतं, यावर ठरतं. असा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या केबिनमध्ये एका भेटीत घेण्यापेक्षा, शस्त्रक्रियेत पैशाने न गुंतलेल्या आणि सहा आठवडे तुमचा पाय पाहत आलेल्या डॉक्टरशी बोलून घेतलेला बरा, असं माझं मत. तसा डॉक्टर तुम्हाला विम्यातून मिळत असेल तर वर्गणीची गरज नाही. नसेल मिळत, तर मेसेजला उत्तर स्वतः डॉक्टर देतो की सहायक, तपासणी त्याच आठवड्यात होते का, फिजिओ आणि इमेजिंगचे रोखीचे दर सांगतात का, आणि मध्येच सोडलं तर पैसे अडकतात का, हे विचारून सभासद व्हा.

शेवटचा प्रश्न विशेष जपून विचारा. पाय बरा झाला की वर्गणी बंद करावीशी वाटते, आणि बहुतेक ठिकाणी ती महिन्याच्या नोटिशीवर बंदही करता येते. पण कित्येक दवाखाने पुन्हा सभासद होताना नोंदणीची फी घेतात किंवा काही महिने परत घेतच नाहीत. सायटिका उलटतो, तेव्हा ही अट करारात कुठे लिहिलीय ते आधीच शोधून ठेवा.